चार बोटं खाली

उंचीमुळे शिडी हेच नाव पडलेली मुलगी परत हॉलमध्ये आली तेव्हा कप्तान एकटीच व्हॉलीबॉलच्या जाळ्याच्या दोऱ्या सैल करत होती. शिडीच्या खांद्यावर भरलेली बॅग होती. बाकीच्या मुली नव्या जर्सी घालून बाहेर पायऱ्यांवर फोटोसाठी जमत होत्या. सकाळी प्रशिक्षक मॅडमनी दारावर लावलेल्या यादीत चौदा नावं होती आणि शिबिरात मुली पंधरा, त्यामुळे कोण गळलं ते कुणाला वाचावंही लागलं नव्हतं.

"ताई, दहा मिनिटं आहेत?"

कप्तानने दोरीवरचा हात काढला नाही. "काय गं?"

"मॅडम म्हणाल्या, माझी उडी उशिरा पडते. घरी जाऊन सुधारणार आहे मी. पण उशिरा म्हणजे किती, तेच कळत नाहीये. काल सगळे चेंडू तुम्हीच देत होतात ना मला, तुम्हाला दिसलं असेल."

सैल केलेली दोरी कप्तान पुन्हा ओढू लागली.

काल निवडीचा शेवटचा सामना झाला होता. एका जागेसाठी दोघी होत्या. एकोणीस वर्षांची शिडी, आणि संघात सगळ्या जिला तोफ म्हणत ती. दोघींना चेंडू उठवून द्यायचं काम मॅडमनी मुद्दाम कप्तानवर सोपवलं. एकाच हातचे चेंडू मिळाले म्हणजे कुणाची तक्रार नको, असं त्या म्हणाल्या. तोफ आणि कप्तान अकरा वर्षं एका खोलीत राहिलेल्या. तोफेचा गुडघा कुरकुरायला लागला होता. ही स्पर्धा हुकली असती तर पुढची तिला मिळणार नव्हती. तिने कप्तानकडे एका शब्दानेही काही मागितलं नव्हतं. कप्तानने आपलं आपणच ठरवलं. तोफेला हवा तिथे चेंडू, आणि शिडीला चार बोटं खाली. चार बोटं कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. मारणारीचा हात वर पोचतो तोवर चेंडू उतरलेला असतो, तो जाळ्यात जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं मुलगीच उशिरा उडाली.

"बॅग ठेव," कप्तान म्हणाली.

दहा-बारा चेंडू नीट द्यावेत, पाठीवर हात फिरवावा आणि पोरीला गाडीत बसवून द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

शिडीने चेंडू फेकला. कप्तानने तो बोटांच्या टोकांवर घेतला आणि वर सोडला, जिथे सोडायला हवा तिथे. शिडी उडाली. चेंडू समोरच्या कोपऱ्यात असा आदळला की रिकामा हॉल घुमला. दुसरा तसाच. तिसरा त्याहून जोरात. चौथ्या-पाचव्याला शिडी हसत होती. सहाव्याला हसायची थांबली. आठवा मारून झाल्यावर ती खाली उतरली आणि तिथेच उभी राहिली.

"ताई, आज मी काहीच वेगळं केलं नाही."

कप्तानच्या ओठांवर उत्तर तयार होतं. काल दडपण होतं, आज नाही. शिडीला ते पटलंही असतं. जन्मभर ती स्वतःला घाबरट समजत राहिली असती.

"काल चेंडू खाली होते," कप्तान म्हणाली. "चार बोटं. मी देत होते तसे."

शिडीने जाळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सगळे?"

"तुला दिलेले सगळे."

बाहेर कुणीतरी मोठ्याने नावं घेऊन मुलींना रांगेत उभं करत होतं. शिडी गुडघ्यांवरच्या पट्ट्या काढायला खाली वाकली.

"मी मॅडमना सांगते," कप्तान म्हणाली. "आत्ता जाते."

"स्पर्धेवाल्यांकडे यादी गेली ना पण?"

"नऊलाच गेली."

"बदलता येते?"

"नाही. कुणाला दुखापत झाली तरच."

शिडीने पट्ट्यांची गुंडाळी केली. "मग सांगून बरं वाटेल ते तुम्हालाच."

इतक्यात दारातून तोफ आत आली, नवी जर्सी घालून, आनंदाने रडून डोळे अजून लाल असलेली. "अगं, काय करतेस इथे? तुझ्यासाठी फोटो अडलाय," ती कप्तानला म्हणाली, आणि मग तिला शिडी दिसली. तिचा चेहराच उतरला. लंगडत पुढे येऊन तिने शिडीला जवळ घेतलं.

"माझ्यावर रागावू नकोस हं पोरी. तुझी अजून दहा वर्षं पडली आहेत. माझं काय, मी तर आशाच सोडली होती." तिने एका हाताने कप्तानलाही ओढून घेतलं. "ही होती म्हणून निभावलं. काल एकेक चेंडू असा दिला हिने, मला नुसता हात फिरवायचा होता."

तिघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. कप्तान तोफेच्या खांद्याशी मान खाली घालून होती. शिडी आता सांगेल, असं तिला वाटलं. सांगितलं तर सुटेन, असंही वाटलं.

शिडीने हळूच स्वतःला सोडवून घेतलं आणि बॅग उचलली.

"खरंय," ती तोफेला म्हणाली. "ताईंचा हात फार पक्का आहे. त्यांच्याकडून चुकून काही होत नाही."