पाच पिढ्यांची पाटी

"घरजावई व्हायचंय तुला?"

शिगेओ कानामोरींनी दाभण तातामीच्या चटईत खुपसला आणि तसाच ठेवला. "तीन मुठी कोंडा घरात असला ना, तरी पुरुषाने घरजावई होऊ नये. जुन्या माणसांनी काय गंमत म्हणून म्हण केली?"

"बाबा, तिच्याकडे राहायला जात नाहीये मी. आडनाव फक्त तिचं लावणार," इत्सुकी म्हणाला. "कायद्याने दोघांचं एकच लागतं. कुणीतरी बदलायचंच. मी बदलतो."

"बायको बदलते. गावातल्या सगळ्या बदलतात. हिला काय सोनं लागलंय?"

"मिझुकामींच्या मिसोच्या दुकानावर पाच पिढ्यांचं नाव आहे. पाच पिढ्या सोयाबीन आंबवून मिसो करतात ते."

"आणि आपल्या पाटीवर काय कोळशाने लिहिलंय? आपल्याही पाचच!"

हिमी गावात चटया विणणारं हे एकच दुकान उरलं होतं. इत्सुकी सत्तावीस वर्षांचा, एकुलता एक. त्याने दाभण हातात धरलाच नाही. तो बालवाडीत शिकवायचा. पोरांची नाकं पुसायचा, सकाळी उठून स्वतःचा डबा करायचा, महिन्यातून एकदा भुवया कोरून घ्यायचा. बालवाडीतले तिन्ही पुरुष शिक्षक असेच होते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. शिगेओंना मात्र ते पाहून घास उतरत नसे. "मुलगा दिलाय की मुलगी, देवळात जाऊन विचारायला हवं," असं ते गिऱ्हाइकासमोर म्हणायचे. इत्सुकी हसून सोडून द्यायचा.

कारण माणूस वाईट नव्हता. इत्सुकी दोन वर्षांचा असताना आई गेली. बापानेच त्याला वाढवलं. घरात अंघोळीला टब एक आणि पाणीही एकच; कर्त्या पुरुषाने आधी उतरायचं. आजोबा होते तोवर ते पहिले. ते गेल्यावरही शिगेओ कधी पहिले उतरले नाहीत. "जा, तू जा आधी," म्हणायचे, आणि आपण कोमट झालेल्या पाण्यात मुकाट्याने बसायचे. बापाची माया, दुसरं काय, असं इत्सुकीला वाटायचं.

आजोबा मोठे खवट होते. त्यांनी शिगेओंना नावाने हाक मारलेली इत्सुकीने कधी ऐकली नव्हती. "ए, चहा आण," एवढंच. बाबांच्या लहानपणाचा एकही फोटो घरात नव्हता. सगळे पुरात गेले म्हणे.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय, ठाऊक आहे ना?" शिगेओंनी छातीवर हात ठेवला. "तू नाव बदललंस की ती पाटी मी स्वतः उतरवीन. आणि माझ्या मयताला मिझुकामी नावाचं कुणी यायचं नाही."

"बाबा, अहो नुसतं नाव!"

"नुसतं नाव?" म्हाताऱ्याचा आवाज एकदम फाटला. "तुला काय कळतंय रे? दुसऱ्याच्या नावाखाली जगणं म्हणजे काय, तुला काय कळतंय!"

इत्सुकी घाबरला. त्याने पाणी आणून दिलं आणि विषय तिथेच मिटला.

रविवारी बंदराजवळच्या नूडल्सच्या दुकानात त्याने कोतोहा मिझुकामीला सांगितलं, की कानामोरी नाव तिनेच घ्यावं. तिने काड्या खाली ठेवल्या.

"तूच म्हणाला होतास. मी मागितलं नव्हतं."

"बाबांचं हृदय..."

"माझ्याही वडिलांना हृदय आहे. ते तुझ्यासाठी पाटीखाली खुर्ची रंगवून बसलेत. जावई येणार म्हणून गावभर सांगत सुटलेत." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता. "तू डबा करतोस, रडणारी पोरं कडेवर घेतोस. मला वाटलं, हा वेगळा आहे. वरची कल्हईच नवी होती रे. बाप खाकरला की आत तेच जुनं भांडं."

"थोडं थांबूया ना. एखादं वर्ष."

"म्हणजे ते मरेपर्यंत?"

ती उठून गेली. पुढच्या वसंतात तिचं लग्न झालं. नवरा कानाझावाचा, बँकेत नोकरीला. त्याने मिझुकामी नाव घेतलं आणि त्याचं काही बिघडलं नाही.

शिगेओंना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सुटलास." त्या संध्याकाळी त्यांनी मुलासाठी महागडा बुरी मासा आणला आणि स्वतः रांधला. इत्सुकीने तो खाल्ला. तसा संताप त्याला आयुष्यात कधी आला नव्हता, पण त्याने तो माशाबरोबर गिळला. नाहीतरी आता बोलून काय होणार होतं?

फेब्रुवारीत शिगेओ गेले. दुकानात, चटईवरच. मयताला कानामोरी एकटा इत्सुकीच होता, बाकी सगळे शेजारी.

घर नावावर करायचं तर मेलेल्या माणसाची जन्मापासून मरणापर्यंतची सगळी कुळनोंद जोडावी लागते. असले कागद काढायची वेळ इत्सुकीवर कधी आली नव्हती. सकाळीच तो नगरपालिकेच्या खिडकीपाशी जाऊन बसला. कारकून बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी कागद आणून समोर ठेवले.

"मरणापर्यंतची झाली. जन्माची मात्र इथे नाही मिळायची. त्यासाठी वाजिमाच्या नगरपालिकेला अर्ज करा."

"वाजिमाला कशाला? आम्ही पाच पिढ्या इथलेच आहोत. पाटी आहे आमची."

"कानामोरी इथलेच," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला. कुटुंबप्रमुखाच्या जागी त्याच्या आईचं नाव होतं. बाईंनी पेनाचं टोक त्याच्या खालच्या ओळीवर टेकवलं. "तुमचे वडील वाजिमाच्या ताकिगावांचे तिसरे चिरंजीव. लग्नात त्यांनी तुमच्या आईचं आडनाव घेतलं."