गॅसचं निदान

"हृदयाला जात नसते, धर्म नसतो! बाईचं हृदय आणि बाप्याचं हृदय असा भेद निसर्गाला ठाऊकच नाही!"

महिला दिनाला अमरावतीच्या सभेत डॉक्टर गजेंद्र वानखडे असं म्हणाले, तेव्हा टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्यातल्या आपल्या दवाखान्यात खुर्चीला टेकताच त्यांनी सिस्टर नीलमला बजावलं, "पुरुष पेशंट आधी सोड. बायका लवकर आटपत नाहीत."

तरी गोदाबाई मध्ये घुसल्याच. छातीत जळजळत होतं.

"गॅस आहे. सुनेशी भांडू नका," डॉक्टर म्हणाले. अर्ध्या मिनिटात आटपलं.

मग पातूरचा अन्सार टेलर आला. मागून त्याची बायको रईसा, पिशवी पोटाशी धरून. अन्सार पेशंटच्या खुर्चीवर बसला. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय होतं?"

"जबडा दुखून राह्यला, सायेब. पाठ भरून येते. मळमळते. चार पायऱ्या चढल्या का दम लागते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

अन्सारनं मागं पाहिलं. रईसानं तीन बोटं वर केली.

"तीन हप्ते."

"आणि आज उगवता? तुम्ही लोक सगळं अंगावर काढता!"

"गॅस असन, वाटलं."

"गॅस? अहो, कुणी सांगितलं गॅस? हे हृदयाचं असू शकतं!" डॉक्टर उभेच राहिले. "घाम येतो?"

अन्सारनं पुन्हा मागं पाहिलं. रईसाचं कपाळ निथळत होतं.

"लय येते."

"नीलम, ईसीजीचं मशीन आण! आत्ता! आणि अँब्युलन्सवाल्याला सांगून ठेव."

नीलम धावली. जाता जाता तिनं रईसाचा दंड धरला. "भाभी, तुमीच बसा बरं आधी. रंग पहा तुमचा."

"तिला बाहेर नेऊन पाणी पाज," डॉक्टर म्हणाले. "नवऱ्याला काही झालं की यांचाच जीव आधी घाबरतो."

"बाहेर नका पाठवू तिले!" अन्सारचा आवाज चिरकला.

"बरं, राहू दे. पण तुम्ही वेळ घालवू नका. एकेक मिनिट महत्त्वाचं आहे. एवढ्याशा दिरंगाईनं माणूस जातो, कळलं?"

"कळलं, सायेब."

मशीन आलं. नीलमनं वायरी सोडवल्या. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं तपासायच्या टेबलावरची चादर सारखी केली.

"चला, शर्ट काढा. झोपा."

अन्सार उठला. शर्टाला त्यानं हात लावला नाही. रईसाच्या हातातली पिशवी घेतली, खुर्चीवर ठेवली आणि तिला टेबलापाशी आणलं.

"या तीन हप्त्यात दोन खेपा आली ही तुमच्याकडं. दोन्ही खेपेले गॅसच निघाला," तो म्हणाला. "टेबल जरा उंच आहे, सायेब. हिले चढाले एक स्टूल द्या."