प्रगतीचं एक पान

लेखनवर्गाच्या शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "सहा महिन्यांत काय प्रगती झाली, ते एका पानात लिहा." मी हॉस्पिटलची ड्युटी उरकून थेट वर्गात पोचले होते. पाय भरून आले होते आणि वहीत एक कथा धड पुरी नव्हती. मग जे घडलं होतं, तेच लिहिलं.

माझ्या वॉर्डातल्या आजोबांची मुलगी नऊ वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती. त्यांचा हात थरथरतो, म्हणून तिला पत्र मी लिहिलं. "तिला ये म्हणावं," एवढंच ते बोलले. माफीच्या चार ओळी मी पदरच्या घातल्या.

काल ती आली आणि मला म्हणाली, "बाबा माफी मागणाऱ्यांतले नाहीत. हे तुम्ही लिहिलंय, लगेच कळलं मला. तरी आले."