पापणी लवेतो वीस वर्षं

मुकुंदामागे दार बंद झालं आणि लगेच उघडलं. बाहेर उभ्या शालनच्या डोळ्यांतलं पाणी अजून गालावर उतरलंही नव्हतं. काळाबाहेरच्या त्या तुरुंगात एकट्याने वीस वर्षं काढून मुकुंद पांढऱ्या केसांनी, वाकून बाहेर आला.

"अहो, आत्ताच तर आत गेलात!" शालन कशीबशी म्हणाली.

तिच्या कडेवरची तान्ही रेवा त्याला पाहून रडू लागली. मुकुंद तिला घ्यायला पुढे झाला नाही. आत तो रोज मनातल्या रेवाशी बोलायचा. त्याने तिला शाळेत घातलं होतं, तिचं लग्नही लावून दिलं होतं.

"आपली रेवा आहे ही," शालन म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्याच्याशी तासन्‌तास गप्पा मारणारी रेवा मात्र आतच राहिली होती.