पडलेलं उचलायला

"दादा, एकदा जिंकलेला गेम तू पुन्हा खेळतोस आणि पुन्हा त्याच राक्षसाचा मार खातोस, तुला लाज नाही वाटत?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून मी विचारलं. दोघी दाराआड तोंड दाबून खिदळत होत्या.

दादाने स्क्रीनवरची नजर हलवली नाही. राक्षसाने गदा फिरवली आणि दादाचा योद्धा धाडकन आडवा झाला.

"मेलो ना, की कमावलेलं सगळं तिथेच पडतं, त्याच्या पायाशी," तो म्हणाला. "परत तिथवर जाऊनच उचलावं लागतं. दुसरी वाट धरली, तर गेलं ते कायमचं."

"पण राक्षस तिथेच असतो की!"

"असू दे ना. आता त्याची गदा कधी उठते ते मला कळतं, बावळट."

मला एकदम शाळेचं स्टेज आठवलं. मागच्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करताना, समोर बसलेल्या प्रमुख पाहुण्यांना मी चक्क 'कैलासवासी' म्हणाले होते. अख्खं सभागृह हसलं आणि मी माइक टाकून पळाले. तेव्हापासून घरी माझा एकच धोशा होता, शाळा बदला.

संध्याकाळी बाबा नव्या शाळेत फोन लावायला बसले, तेव्हा मी त्यांच्या हातातून फोनच काढून घेतला.

"आई, बाबा, मी शाळा बदलत नाहीये. माझं सगळं त्या स्टेजवरच पडलंय. पुढच्या कार्यक्रमात जाऊन उचलते, आणि या वेळी पाहुण्यांनाही जिवंत ठेवते."