ठेंगणी दांडी

सुदर्शनला पैठणची मुलगी पसंत होती, पण आई ऐकतच नव्हती. ‘माझं लग्न जमलं नाही, ह्याचं तरी जमू दे,’ असं म्हणत मंजुषानं धाकट्या भावाला लॅपटॉपपुढं बसवलं. सांगून आलेल्या मुलींच्या रूपाला, शिक्षणाला, पगाराला गुण देऊन एक्सेलमध्ये दांड्यांचा आलेख कसा काढायचा, ते शिकवलं. “बाकीच्या दांड्या राखाडी ठेव, पैठणवालीचीच लाल कर. आन् शेजारी एखादी ठेंगणी दांडी उभी कर, म्हंजी ही लई उंच दिसंल.” रविवारी सुदर्शननं आलेख टीव्हीवर लावला. मंजुषा चहाचा ट्रे घेऊन आली, तेव्हा आई चष्मा पुसून बघत होती. लाल दांडीला खेटून एक बुटकी दांडी होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, ‘मंजुषा’. “आपल्या पोरीपेक्षा तर लईच चांगली हाय की!” आई खुलली. “ठरलं! मंजे, सगळ्यांची तोंडं गोड कर.”