तीच ती मेंढी

“हे बी न्हाय,” म्हणत महिपती तात्यांनी चौथं पेन काउंटरवर परत ठेवलं.

बारामतीच्या त्या स्टेशनरीच्या दुकानात चित्रकलेचं सामान घ्यायला पासष्ट वर्षांचं, मुंडासं बांधलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं असावं. बॉलपेनची रेघ सगळीकडं सारखीच, म्हणून ते नापास. स्केचपेनची शाई कागदावर फुटली, तेही नापास. दुकानदार वैतागला होता. सोबत आलेले निरवांगीच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक बुद्धभूषण सर मात्र गालातल्या गालात हसत होते. शेवटी त्यांनी टाक मागितला, लाकडी दांडीचा, लवचिक निबाचा. तात्यांनी तो दौतीत बुडवला, कडेला निथळला आणि कागदावर एक रेघ ओढली. सुरुवातीला बारीक, दाबली तिथं जाड, शेवटी पुन्हा बारीक.

“ह्यो बेस हाय. ह्यानं पोट बी हुतंय आन् पाय बी.”

तात्यांनी जन्मभर मेंढरं राखली होती. गुडघे गेले तेव्हा कळप विकला, त्याला सहा वर्षं झाली. मग काचबिंदूनं उजवा डोळा गेला. डावा फार तर दिवाळीपर्यंत साथ देईल, असं डॉक्टरांनी शिमग्याच्या सुमाराला सांगितलं. त्याच आठवड्यात तात्या शाळेत येऊन उभे राहिले होते. “मास्तर, मला चित्र काढाय शिकवा. पर शाईनंच. पेन्सिलीचं मला दिसत न्हाय.”

सरांनी आधी चेष्टा समजून हसण्यावारी नेलं, मग शिकवायला घेतलं. शाई खोडता येत नाही, तेव्हा रेघ आधी मनात ओढा. नुसतं मनगट नको, सगळा हात फिरू द्या. निब अधूनमधून फडक्याला पुसा. सावली दाखवायला आडव्या रेघांवर उभ्या रेघा कशा टाकायच्या, हे दाखवल्यावर तात्या खुदकन हसले. “ही तर आमची वाघर की!” वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी.

आषाढापर्यंत हात असा बसला की सर शाळा सुटल्यावर मुद्दाम तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे, नुसतं बघत. नाकाडाचा बाक, लोकरीची वळणं, खूर, सगळं एका दमात, हात न अडखळता. अशी रेघ सरांना चार वर्षं शिकूनही आली नव्हती. त्यांना तात्यांचं कौतुक वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही.

पण तात्या काढायचे एकच. मेंढी. रोज एका कागदावर एक मेंढी, तोंड डावीकडं, पुढचा एक पाय उचललेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच.

गणपती उठले. इंदापूरला तालुक्याचं चित्रप्रदर्शन होतं आणि नावं द्यायचा तो शेवटचा दिवस होता. सर फॉर्म घेऊनच आले. त्यातल्या त्यात चांगलं चित्र निवडावं म्हणून त्यांनी तात्यांचे सगळे कागद ओसरीवर ओळीनं मांडले. एक्क्याऐंशी भरले. एक्क्याऐंशी मेंढ्या, एकामागं एक, सगळ्या डावीकडं निघालेल्या. सरांचा तोलच गेला.

“तात्या, अहो असा हात लाखात एकाला मिळतो! नरसिंहपूरचं देऊळ काढा, संगम काढा. दिवाळीला दीड महिना राहिला. उरलेली नजर एका मेंढीवर काय उधळताय?”

तात्यांनी टाक हातातून खाली ठेवला नाही.

तेवढ्यात धोंडीबा आले. वीस वर्षं तात्यांच्या जोडीनं मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले त्यांचे सोबती. डोळ्याची चौकशी करायला आले होते. पायरीवर पायताणं काढली आणि ते तिथंच थबकले. मग ओळीच्या कडेला उकिडवे बसले. कोणी काही विचारायच्या आत त्यांचं बोट एका कागदावर गेलं.

“ही बुजरी.”

बोट पुढं सरकलं. “ही बांडी. ही काळतोंडी. ही तिचीच लेक.” मग ते अडले. “आरं महिपती, हिचा तर कान फाटका व्हता.”

“त्यो मागनं फाटला, काटवणात. ही त्याच्या आदल्या सालची.”

“व्हय, व्हय,” म्हणत धोंडीबा सरकत राहिले. एका कागदापाशी मात्र त्यांचं बोट थांबलं. ते म्हणाले, “ही घाटात गेली ती,” आणि मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले.

सर खाली वाकले. एका मेंढीच्या डोळ्याखाली डाग होता. एकीचे कान आखूड. एकीचं पोट खाली आलेलं, गाभण असावी. कुठलीही दोन तोंडं एकसारखी नव्हती. अडीच महिने सर रेघेकडं बघत बसले होते, मेंढीकडं त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी फॉर्मची घडी करून खिशात घातली. कोरा कागद पुढं सरकवला, दौतीचं झाकण काढलं आणि विचारलं, “अजून किती, तात्या?”

“एकोणचाळीस अजून वाघरीच्या बाहेर हायत, मास्तर,” तात्या टाक बुडवत म्हणाले. “डोळा हाय तवर आत घ्यायची.”